इंझोरीचा पत्ता आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा अर्ज

(इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशिम इथे तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 

‘आंतरराष्ट्रीय नागरी सेवेत प्रवेश’ हा विषय फळ्यावर वाचून मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. हसू येणं साहजिक आहे. आपल्याकडे बारावीनंतर आयटीआय, डी.एड., पोलीस भरती, तलाठी भरती, नाहीतर आखातात असलेला एखादा मामू, एवढेच रस्ते माहीत असतात. न्यूयॉर्क, जिनिव्हा, रोम ही नावं त्या यादीत नसतात.

माझं आजोळ याच भागातलं. मी अमरावतीला इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला नाही. त्यांच्या ऑनलाइन स्वयंसेवक योजनेत मी काम केलंय, एका संस्थेच्या तांत्रिक पदासाठी अर्ज करून लेखी चाचणीपर्यंत पोहोचलोय आणि आठ महिन्यांनी एका ओळीचा नकार वाचलाय. माझं वय आता ३६ आहे. ज्या मुख्य दाराबद्दल मी आज बोलणार आहे, ते माझ्यासाठी बंद झालंय. तुमच्यासाठी नाही. म्हणून आलो.

ही नोकरी कुणाची?

आधी एक गोंधळ दूर करू. भारताचे राजदूत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात बसतात, ते भारत सरकारचे अधिकारी असतात. त्यांची वाट यूपीएससीतून, परराष्ट्र सेवेतून जाते. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ते खुद्द संघटनेचे कर्मचारी. त्यांचा पगार संघटना देते, आणि यूपीएससीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

संयुक्त राष्ट्रसंघ १९४५ साली स्थापन झाला. त्याच्या सनदेतली दोन कलमं या नोकरीचा पाया आहेत. कलम १०० सांगतं की कर्मचाऱ्याने कुठल्याही सरकारकडून आदेश घ्यायचे नाहीत, आणि कुठल्याही देशाने त्याच्यावर तसा दबाव आणायचा नाही. कलम १०१ सांगतं की माणूस निवडताना कार्यक्षमता, योग्यता आणि सचोटी सगळ्यात वर ठेवायची, आणि माणसं जगाच्या जास्तीत जास्त भागांतून यावीत याचं भान ठेवायचं.

या एका छत्राखाली अनेक संस्था आहेत. मुलांसाठी यूनिसेफ, आरोग्यासाठी डब्ल्यूएचओ, शेती आणि अन्नासाठी एफएओ, कामगारांसाठी आयएलओ. प्रत्येकीची भरती वेगळी, पण चाल साधारण सारखीच.

ती आपल्या जिल्ह्यात आधीच आली आहे

कुणाची अम्मी, खाला, वहिनी बचत गटात आहे? हात वर करा. बघा, निम्मी खोली झाली. माविमचा तेजस्विनी कार्यक्रम २००७ साली सुरू झाला, तो इफाड या संस्थेच्या अर्थसाहाय्यावर. इफाड म्हणजे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या कुटुंबातली, रोममध्ये मुख्यालय असलेली संस्था. नंतर अकोला, अमरावती, बुलढाणा, वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या सहा जिल्ह्यांसाठी केम प्रकल्प आला. तिथेही इफाड होतीच. २०१८ पासून पोकरा आला, ज्याला जागतिक बँकेचं कर्ज आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने नंदुरबार, उस्मानाबाद आणि गडचिरोलीबरोबर वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, आणि २०२१ मध्ये या कार्यक्रमाचं मूल्यमापन यूएनडीपीने प्रसिद्ध केलं.

म्हणजे ‘वाशिम’ हा शब्द लिहिलेले कागद रोम आणि वॉशिंग्टनच्या टेबलांवर जाऊन आलेले आहेत. आपल्या बायांनी कर्ज किती फेडलं, आपल्या शेतात पाणी किती मुरलं, हे तिथे कुणीतरी वाचतं आणि त्यावर निर्णय घेतं. मग त्या टेबलामागच्या खुर्चीवर वाशिमचं माणूस का नसावं?

बुध ते रोम

अशा खुर्चीवर मराठी माणूस बसलेला आहे. तो तिथे कसा पोहोचला ते नीट ऐका, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला संख्याशास्त्रात पीएच.डी. केली आणि १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत कामाला लागले. त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्या बांधावरचाच होता. एका जिल्ह्यात गहू किंवा भात किती पिकला, हे सगळी शेतं न मोजता खात्रीने कसं सांगायचं? सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी पद्धत बसवली. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेतं तशीच निवडायची, शेतातला एक तुकडा तसाच निवडायचा, तेवढाच कापून, मळून, तोलायचा. आणि हे काम त्याच भागातल्या महसूल आणि शेती खात्याच्या माणसांकडून करून घ्यायचं.

सोयाबीनच्या हंगामात तलाठी आणि कृषी सहायक दोरी घेऊन पीक कापणी प्रयोगाला येतात ना? ज्याच्या आकड्यावर पीक विम्याची भरपाई ठरते आणि ज्यावरून दरवर्षी भांडणं होतात? त्या पद्धतीच्या मुळाशी हे काम आहे.

१९५१ साली एफएओने सुखात्म्यांना रोमला संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून नेलं. १९७० पर्यंत ते तिथे होते. जगात किती लोकांना पोटभर अन्न मिळत नाही, हे मोजण्याची रीत त्यांनी १९६१ च्या निबंधात मांडली. आजही एफएओ दरवर्षी उपासमारीचा जो जागतिक आकडा काढते, त्याची वाट तिथूनच सुरू होते. नंतर ते पुण्याला परतले.

सुखात्मे थेट वरच्या पदावर गेले होते. तुम्हाला पहिल्या पायरीवरून चढायचंय. पण त्यांना तिथे कशामुळे बोलावलं, हे बघा. स्वतःच्या मुलखातला एक प्रश्न त्यांनी इतका नेमका सोडवला होता की तो जगाच्या कामाचा झाला. माझं आज एवढंच म्हणणं आहे. या नोकरीची तयारी दिल्लीच्या क्लासमध्ये होत नाही. ती आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या कामात, मोजमाप ठेवून, चार-पाच वर्षं होते. आणि अर्जात नेमकं तेच विचारतात.

दारं कोणती आणि वयाचं गणित

पहिलं दार यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम, म्हणजे वायपीपी. ही सचिवालयाची स्पर्धा परीक्षा. किमान पदवी हवी, तीही त्या वर्षी जाहीर झालेल्या विषयाशी जुळणारी. परीक्षेच्या वर्षी वय ३२ पेक्षा जास्त नको. इंग्रजी किंवा फ्रेंच चांगलं हवं. अनुभवाची अट नाही आणि अर्जाला एक रुपयाही फी नाही. लेखी परीक्षा, मग मुलाखत. पास झालात तरी लगेच नोकरी नाही. तुमचं नाव प्रतीक्षायादीत जातं आणि जागा निघाली की पी-१ किंवा पी-२ या पहिल्या श्रेणीत बोलावणं येतं. ही परीक्षा नसेल तर एरवी पी-२ साठी पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि चार वर्षांचा अनुभव मागतात.

आता कडू भाग. हे दार प्रत्येक देशाला दरवर्षी उघडं नसतं. ज्या देशांचे कर्मचारी ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी आहेत, किंवा कमी होण्याच्या बेतात आहेत, त्यांचीच यादी निघते. हे प्रमाण काढायचं जे सूत्र १९८० च्या दशकाअखेरीस ठरलं, त्यात देश किती वर्गणी देतो याला ५५ टक्के वजन, निव्वळ सदस्य असण्याला ४० टक्के आणि लोकसंख्येला फक्त ५ टक्के. आपण १४० कोटींहून जास्त आहोत, पण या गणितात माणसांच्या संख्येला किंमत थोडी. म्हणून अभ्यासाला बसण्याआधी त्या वर्षीच्या यादीत भारत आहे का, ते बघा. नसेल तर निराश होऊन बसू नका. इतर दारं ठोठवा.

दुसरं दार यूएन स्वयंसेवक, म्हणजे यूएनव्ही. १९७० साली सुरू झालेली योजना, मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. तरुणांचा गट १८ ते २६ वयाचा, अनुभवी लोकांचा २७ पासून पुढे. यात पगार नसतो, राहण्या-खाण्यापुरता निर्वाहभत्ता असतो. परदेशातच जावं लागतं असं नाही. आपल्याच देशात काम करणारे यूएन स्वयंसेवक वेगळे निवडतात. ज्या बहिणींच्या घरी ‘इतक्या लांब पोरीला कसं पाठवायचं’ असा प्रश्न येणार आहे, त्यांनी इथून सुरुवात करावी. आणि घरच्यांना सांगा की जौनपूरला जन्मलेल्या, पुढे पाकिस्तानात डॉक्टर म्हणून काम केलेल्या नफीस सादिक १९८७ ते २००० अशी १३ वर्षं संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीच्या प्रमुख होत्या.

याच योजनेत ऑनलाइन स्वयंसेवा आहे. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, १२ आठवडे, घरी बसून. भाषांतर, माहितीची मांडणी, डिझाइन, प्रोग्रामिंग अशी कामं. पैसे मिळत नाहीत, पण काम कसं मागतात आणि कसं तपासतात ते कळतं. माझा पहिला मसुदा तीन वेळा परत आला होता. तिसऱ्या वेळी मला समजलं की अहवालातलं ‘बऱ्याच लोकांना’ हे वाक्य तिथे चालत नाही. किती लोकांना, ते लिहा.

तिसरं दार देशातल्या कार्यालयांचं. यूनिसेफचं महाराष्ट्राचं कार्यालय मुंबईत आहे, बहुतेक संस्थांची मुख्य कार्यालयं दिल्लीत. तिथे सहायक पदं आणि देशातल्याच लोकांसाठी राखलेली अधिकारी पदं असतात. मराठी येणं ही तिथे पात्रता असते, सजावट नव्हे.

चौथं दार इंटर्नशिप. इथे हिशेब करून पाऊल टाका. सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, दोन ते सहा महिने, न्यूयॉर्क-जिनिव्हात राहण्याचा खर्च आपला. शेतमजुराच्या पोराला ते परवडत नाही, आणि हा या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे. यूनिसेफ, आयएलओ, डब्ल्यूएचओ यांच्याकडे भत्ता मिळू शकतो. आधी तिकडे बघा.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक जास्तीचा रस्ता आहे. रॅपिडप्रो आणि प्रिमेरो ही यूनिसेफशी जोडलेली सॉफ्टवेअरं मुक्त स्रोत आहेत. त्यांचा कोड कुणीही वाचू शकतो, सुधारणा पाठवू शकतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणण्यापेक्षा हे करा.

अर्ज कसा भरायचा

अर्ज ऑनलाइन असतो. त्यात तुमचं शिक्षण, काम, भाषा आणि केलेली कामगिरी अशा रकान्यांत माहिती भरायची असते. आपली पोरं इथेच मागे पडतात, आणि त्याचं कारण इंग्रजी कच्चं असणं हे नाही. आपण करतो खूप, पण लिहून ठेवत नाही.

एक उदाहरण बघा. एकाने लिहिलं, ‘गावात लसीकरणाबद्दल जनजागृती केली.’ दुसरीने लिहिलं, ‘मोहल्ल्यातल्या ६२ घरांची यादी केली. त्यात दुसरा डोस राहिलेली ११ मुलं सापडली. आशाताईंबरोबर तीन आठवडे घरोघर गेले. ९ मुलांचा डोस झाला. दोन कुटुंबं ऊसतोडीला गेलेली होती, त्यांची नावं आरोग्य केंद्राला कळवली.’ काम कदाचित दोघांनी सारखंच केलं असेल. निवड दुसरीची होईल. ज्यांचं काम राहिलं त्या दोन कुटुंबांबद्दलही तिने लिहिलं, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

मुलाखतीचंही तसंच. ‘मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलं?’ असे प्रश्न येतात. परिस्थिती काय होती, तुम्ही स्वतः काय केलं, त्यातून काय निघालं, या क्रमाने बोलायचं. आपल्याला ‘मी’ म्हणायची लाज वाटते. आपण ‘आम्ही केलं, सगळ्यांनी केलं’ म्हणतो. ती आपली तहजीब आहे, चांगलीच आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला तुमचा वाटा कळला पाहिजे. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने आपली जी चार मूल्यं ठरवली, त्यात समावेश, सचोटी आणि माणुसकीबरोबर नम्रताही आहे. नम्रपणे ‘मी’ म्हणता येतं.

आणि चॅटजीपीटीकडून अर्ज लिहून घेऊ नका. भाषा तपासून घ्या. पण तुमच्या ६२ घरांची गोष्ट त्याला माहीत नाही.

भाषा

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. अरबी त्यात १९७३ साली आली. या खोलीतल्या बहुतेकांना अरबी वाचता येते, पण समजत नाही. लिपी लहानपणीच हातात आली, अर्थ मात्र राहिला. ज्या पायरीवर इतरांचं पहिलं वर्ष जातं, ती तुम्ही सातव्या-आठव्या वर्षीच ओलांडली आहे. पुढची चढा. दोन वर्षं रोज एक तास दिलात तर इंग्रजीच्या जोडीला दुसरी अधिकृत भाषा अर्जात लिहिता येईल, आणि ती तुम्हाला उपयोगी पडेल अशी कितीतरी ठिकाणं आहेत.

आपलं नाव, आपली मतं

मला सकाळी एकाने बाजूला घेऊन विचारलं, ‘भाई, नाव बघून बाजूला टाकणार नाहीत कशावरून?’ खोटा दिलासा मी देणार नाही. माणसं निवडणारी माणसंच असतात. पण कलम १०१ तुमच्या बाजूला आहे, निकष आधी जाहीर असतात, मुलाखत एकटा माणूस घेत नाही. भाड्याची खोली शोधताना आपल्याला जे ऐकावं लागतं, त्याच्या तुलनेत ही जागा पुष्कळ मोकळी आहे.

उलट काही वेळा आपण कुठून आलोय, हीच पात्रता ठरते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या कितीतरी मुस्लीम वस्त्यांत पोलिओच्या डोसाबद्दल अफवा होत्या. सरकारी गाडी आली की दारं बंद व्हायची. यूनिसेफने तिथे त्याच मोहल्ल्यातल्या बाया कामाला घेतल्या, इमामांना सोबत घेतलं. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात त्या बायांचा वाटा मोठा आहे.

दुसरी बाजूही सांगतो. इथे आलेले सगळे चळवळीतले आहात, मतं ठाम आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचे नियम म्हणतात की कर्मचाऱ्याची राजकीय आणि धार्मिक श्रद्धा त्याची स्वतःची, तिला कुणी हात लावणार नाही. पण तिच्यामुळे कामाच्या निःपक्षपातीपणावर शंका येता कामा नये. म्हणजे पक्षाचा प्रचार बंद, फेसबुकवर रागाच्या भरात लिहिणं बंद. गाझात २०२३ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित संस्थेचे २०० हून जास्त कर्मचारी मारले गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनाही दुसऱ्या दिवशी पीठ वाटायचं होतं, यादी करायची होती, तोल सांभाळून अहवाल लिहायचा होता. हा संयम ज्याला जमणार नाही, त्याने चळवळीतच राहावं. तेही काम तितकंच गरजेचं आहे. पण निवड डोळे उघडे ठेवून करा.

पैसे मागितले की समजा

हे कान देऊन ऐका. संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणाला नाही, व्हिसाच्या नावावर नाही. आखातातल्या नोकऱ्यांमुळे आपल्याला एजंट ही सवय झाली आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात जीमेलवरून ‘नियुक्तिपत्र’ आलं, वर निळा शिक्का, खाली ‘सुरक्षा ठेव’ म्हणून ४० हजारांची मागणी. आईच्या बांगड्या सराफाकडे न्यायची तयारी झाली होती. वेळेवर कुणीतरी विचारलं म्हणून थांबलं. जाहिरात खरी आहे का ते संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊनच बघायचं. तिथे नसेल तर ती नाही.

सध्याचा काळ

संयुक्त राष्ट्रसंघाकडे आज पैशांची मोठी चणचण आहे. मोठे देश वर्गणी उशिरा देतात, काही देतच नाहीत. २०२५ मध्ये संघटनेला ८० वर्षं झाली, तेव्हाच खर्चकपातीची मोहीम निघाली. महासचिवांनी २०२६ साठी मांडलेल्या प्रस्तावात खर्चात १५ टक्क्यांहून जास्त आणि पदांमध्ये जवळपास १९ टक्के कपात होती. तेव्हा पुढची दोन-तीन वर्षं भरती कमीच राहणार.

म्हणून हातातली नोकरी सोडून कुणी याच्या मागे लागू नका. शिक्षक व्हा, कृषी सहायक व्हा, नर्स व्हा, कोड लिहा. पण काम करताना आकडे ठेवा, लिहायची सवय ठेवा, भाषा वाढवा. जागा निघाल्या नाहीत तरी या सवयी वाया जात नाहीत. माविमचं लोकसंचालित साधन केंद्र असो, पंचायत समिती असो की एखादी सामाजिक संस्था, सगळीकडे असा माणूस हवाच असतो.

घरी गेल्यावर तीन कामं करा. एक, वहीच्या पहिल्या पानावर आपलं जन्मवर्ष लिहा आणि त्यापुढे आपण २६ चे कधी होणार आणि ३२ चे कधी, ती वर्षं लिहा. दोन, गावातला एक प्रश्न निवडा, मोजता येईल असा. शाळा सोडलेल्या मुली, हातपंपाचं पाणी, पीक विम्याचे अडकलेले अर्ज, काहीही. सहा महिने त्याची नोंद ठेवा. तीन, ऑनलाइन स्वयंसेवेसाठी नाव नोंदवा आणि पहिलं काम मागा.

ज्यांना नोंदणी करायची आहे त्यांनी थांबा. दोन लॅपटॉप आणले आहेत, मोबाइलचं नेट मागच्या खिडकीजवळ चांगलं लागतं. मगरिबपर्यंत वेळ आहे. आधी बहिणींपासून सुरू करू.